एका केसपेपरवर तिघी

“रोह्याचे डॉक्टर अक्षय ताशी अकरा पेशंट बघतात आणि तुम्ही चार! यावर पगार ठरणार आहे हो, डॉक्टर,” केसपेपरच्या खिडकीवरची वैशाली कागद नाचवत म्हणाली.

पेणच्या डॉ. महिपतींनी कपाळावर हात मारला. पेण आणि रोहा, एकाच संस्थेचे दोन दवाखाने. दोन्हीकडच्या डॉक्टरांचा वेग मोजायचा आणि त्यावर पगारवाढ द्यायची, असं फर्मान सुटलं होतं. मोजणी कॉम्प्युटरवर, निघालेल्या केसपेपरांची. आता त्या कॉम्प्युटरला कोण सांगणार, की खाडीकडच्या बायका दवाखान्यात एकट्या येतच नाहीत? केसपेपर एकीचा, आत शिरणार तिघी. एकीचा खोकला तपासून झाला, की दुसरी स्टुलावर बसलीच! वीस वर्षं महिपती सगळ्यांना बघत आले, आणि आता म्हणे ते संथ! लेकीचं, दिशाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पगारवाढ सोडून चालणार नव्हतं.

तेवढ्यात मिठागरावर कामाला जाणारी जनी आत आली. मागे सासू कृष्णाबाई आणि शेजारीण रंभा होत्याच.

“एका पेपरवर एकच!” महिपती खेकसले. “बाकीच्या बाहेर व्हा.”

“आवं डाक्टर, सासूच्या पायाला जरा लागलंय. साखर हाय ना तिला. नुसतं बघा.”

“वेगळा पेपर काढ. आमचा टाइम मोजतात इथं!”

सासू-शेजारीण निमूट बाहेर गेल्या. वेगळा पेपर काही निघाला नाही.

महिन्याभरात महिपती ताशी बारावर गेले. रोहा मागे पडलं म्हणून वैशालीने रांगेतल्या बायकांनासुद्धा पेढे वाटले.

पुढच्या आठवड्यात जनी आली, एकटीच.

“सासू कुठाय गो?”

“घरीच हाय. अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात नेलेली. पायाची दोन बोटं काढली.”

महिपतींचा पेन थांबला. “मग मला दाखवायला आणायची नाय का?”

“आणणार व्हते,” जनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “पण त्या पायानं तिला आत येऊन बसायलाच येळ लागायचा. तुमचा नंबर रोह्याच्या खाली गेला असता.”

महिपतींना लाज वाटली. पार मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बस जरा, जनी. नीट सांग मला.”

पण ती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठलीसुद्धा होती, आणि दार उघडून पुढच्या पेशंटला घाईघाईने आत बोलावत होती.