भोंगाबाई

चंपत मेश्राम वारले आणि त्यांची बायको सत्यशीला गाढ झोपली.

हे ऐकून कोणाला तोंड वाकडं करायचं असेल तर त्याने खुशाल करावं. जिला लग्न झाल्यापासून सलग झोप म्हणून ठाऊक नाही, ती बाई म्हातारपणी एकदा आडवी पडली आणि थेट उजाडल्यावर उठली, यात वावगं काय आहे? रडायचं तेवढं ती रडली होती. माणूस गेल्याचं वाईट तिलाही वाटलंच. पण डोळे मिटावेत आणि उघडले की सकाळ असावी, असं सुख जगात असतं हे तिला आता कळत होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

सोय नव्हती, कारण भिलाईच्या आसपास कुम्हारीपासून नंदिनी नगरपर्यंत विदर्भातून आलेल्या सगळ्या आपल्या माणसांत तिचं नाव भोंगाबाई होतं. स्टील प्लांटचा भोंगा वाजावा तशी घोरणारी बाई. तिचं खरं नाव सत्यशीला आहे हे तिच्या रेशनकार्डाशिवाय फारसं कोणी लक्षात ठेवलं नव्हतं.

तिची सून सुजाता मनाने चांगली, पण डोक्याने सरळ रेषेत चालणारी. ती रोज कोणा ना कोणाला फोनवर सांगायची, "आईचं घोरणं बंदच झालं हो. बाबा गेले तेव्हापासून घरात आवाजच नाई. बिचारी रातभर जागीच राहत असन."

घरात आवाज नाही, इथवर अगदी खरं होतं. आवाज कुठे गेला हे सुजाताच्या समोरच, दिवाणखान्याच्या भिंतीवर, हार घालून टांगलं होतं. पण तिकडे बघतो कोण? सासू-सासऱ्यांची खोली मागच्या बाजूला, दार बंद, आणि त्या दाराआड कोण घोरतं हे सुजाताला माहेरी असतानाच एका गाण्याने सांगून ठेवलेलं. डॉक्टरकडून तिने सासूसाठी झोपेची गोळी आणली. सत्यशीलाने ती मोरीत टाकली आणि उशीवर डोकं टेकताच झोपी गेली.

आता ते गाणं.

लग्न होऊन सत्यशीला भिलाईला आली तेव्हा चंपत प्लांटमध्ये कोळसा भाजायच्या भट्टीवर, कोक ओव्हनला कामाला होता. दोन खोल्यांचं क्वार्टर, भिंती अशा की शेजाऱ्याने कूस बदलली तरी इकडे कळावं. आतल्या खोलीत नवरा-बायको आणि बाहेरच्या खोलीत शाळेत जाणारा धाकटा दीर नरेश. पहिल्याच रात्री नवऱ्याने घोरायला सुरुवात केली. दोन आखूड, एक लांब, शेवटी शिट्टी. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून नरेशनेही तोच सूर लावला. हा वारसा सासऱ्याकडून आलेला. बापाने पोरांना शेत दिलं नाही, पण हे मात्र दोघांना सारखं वाटून दिलं.

चंपतची नाइट शिफ्ट असली की सत्यशीलाला जरा बरं वाटे. दीर पोरसवदा, त्याचा आवाज मधलं दार लावलं की सोसायचा. बायका नाइट शिफ्टच्या नावाने बोटं मोडत आणि ही मात्र नवऱ्याचा डबा हसत हसत भरायची. शेजारणींनी त्याचाही भलताच अर्थ काढला.

एके दिवशी शेजारच्या माणसाने नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "काबे चंपत, तुह्या घरी कोण घोरते? आमी झोपावं का नाई?" चंपतने तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं, की मी. एका अक्षराचं काम. पण चारचौघांत मान खाली घालणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो म्हणाला, "माही बायको." लोक हसले. लोक हसले की चंपतच्या अंगात यायचं. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला स्टेजवर त्याने गाणंच म्हटलं:

राणी माही झोपली का भोंगा वाजते,
आर्धी कॉलनी डबा घेऊन डूटीवर पयते!

आणि कडव्याच्या शेवटी नाकातून घोरण्याचा आवाज. दोन आखूड, एक लांब, शेवटी शिट्टी. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. वन्स मोअर, वन्स मोअर. तो गमतीच्या गाण्यांचा जमाना होता. कोणी शिंकांवर गाणं करी, कोणी सासूच्या तपकिरीवर, आणि त्यांच्या रेकॉर्डी, म्हणजे तवे, खपत. नागपूरच्या एका कंपनीने चंपतचं गाणंही तव्यावर घेतलं. मग काय, लग्न असो की बारसं, भोंगा वाजलाच पाहिजे. दर जयंतीला गाणं संपलं की चंपत बायकोला हाताला धरून स्टेजवर आणायचा आणि म्हणायचा, "हाच तो भोंगा." लोक तिला हार घालायचे. ती त्या हाराखाली जळत उभी राहायची.

तिने सांगून पाहिलं नाही असं नाही. शेजारणींना सांगितलं, नणंदांना सांगितलं, पोटच्या पोराला, राजदीपला सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच, "झोपलेल्या माणसाले काय मालूम आपण घोरतो का नाई?" आता यावर काय बोलणार! घोरणारा प्रत्येक माणूस नाहीच म्हणतो. तिने जितक्यांदा नाही म्हटलं तितक्यांदा तिचं घोरणं पक्कं झालं. चंपत बाजूला बसून मिशीत हसायचा. चोर तो वर शिरजोर.

एकदा, त्याच्या शेवटच्या आजारपणात, तिने त्याला म्हटलं होतं, "आता तरी सांगा ना लोकायले." तो म्हणाला, "अवं, गाणं खोटं पडन न." हे ती विसरली नाही. बायको खोटी पडलेली चालली, गाणं नाही.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे चंपतच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम कुम्हारीच्या विहारात ठरला. आदल्या दिवशी नरेश नंदिनी नगरहून आला, ऑटोत भलामोठा साउंड बॉक्स घालून. आता तोही म्हातारा, विधुर, एका खोलीत एकटा झोपणारा. चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला, "वैनी, दादाचं गाणं लावून राहिलो उद्या. तव्यावरून मोबाइलमंदी उतरवून आणलं. भोंग्याशिवाय दादाचा कार्यक्रम म्हंजे बिनमिठाचं वरण."

"लावाचं नाई."

"कावून?"

"कावून ते तुमाले मालूम आहे. तुमी त्या क्वार्टरमंदी होते. घोरत कोन होतं, भाऊजी?"

नरेशने कपात पाहिलं. "आता ते जुनं उकरून काय फायदा?"

"जुनं तं तुमीच मोबाइलमंदी उतरवून आणलं." सत्यशीला त्याच्यासमोर येऊन बसली. "लावा गाणं. पन आधी माइकवर सांगा, घोरणारा माहा भाऊ होता, वैनी नाई. एकडाव सांगा, मंग हजारदा वाजवा."

"येडं लागलं का तुमाले? आर्धं भिलाई दादाले मानते. मेलेल्या माणसाची इज्जत काढू का मी?"

"मेलेल्याची राखाची. अन् जित्तीची?"

"बाईमाणसाचं काय जाते त्याच्यात?" नरेश कप खाली ठेवत हसला. "गंमत आहे, वैनी."

सत्यशीला उठून उभी राहिली. हा एक माणूस जिवंत साक्षीदार उरला होता. हा गेला की तिचं खरं तिच्यासोबतच जाणार, आणि मागे नातवंडांनी पणतवंडांना सांगायला भोंगाबाई तेवढी राहणार. तिने दाराकडे बोट केलं. "निघा. बॉक्स उचला अन् निघा माह्या घरातून."

आवाज ऐकून सुजाता धावत आली. "काका, बुरा मत मानो. आईची नींद पूरी नहीं हो रही ना, म्हणून चिडचिड होऊन राहिली."

सत्यशीलाने सुनेकडे असं पाहिलं की सुजाता पुन्हा स्वयंपाकघरात गेली. राजदीपने काकाचा बॉक्स उचलून विहारात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी विहार भरला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, चंपतच्या फोटोला फुलं वाहून झाली, आणि मग भाषणं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते त्या दिवशी विहारातून ओसंडून वाहत होतं. चंपतइतका सत्यवादी माणूस झाला नाही, असंही एक जण म्हणाला. सत्यशीला पांढऱ्या साडीत, भिंतीशी, फोटोच्या बाजूला ताठ बसून होती.

नरेशने गाणं लावलंच. जुन्या तव्याची खरखर, मागे ढोलकी आणि मग चंपतचा तरणा आवाज. माणसं आधी गंभीर होती. "डूटीवर पयते"ला बायकांनी तोंडाला पदर लावले. घोरणं आलं तसे खांदे हलायला लागले. शेजारी बसलेली बाई सत्यशीलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको वं भोंगाबाई." रडत कोण होतं? ती दात आवळून बसली होती.

त्यानंतर युनियनचे जुने पुढारी दयारामजी बोलायला उभे राहिले. दयारामजी एकदा बोलायला लागले की संप मिटेपर्यंत थांबत नाहीत. वर पत्रे तापलेले, कूलरची गार झुळूक, आणि समोरच्या ओळीत नरेश. पहाटेपासून आचाऱ्यांच्या मागे राबलेला, नाश्त्याला पोह्यांवर ताव मारलेला. दयारामजी भाषणात प्लांटच्या लोखंड गाळणाऱ्या पहिल्या धमन भट्टीच्या उभारणीपाशी पोचले आणि नरेशची मान छातीवर पडली.

दोन आखूड, एक लांब. शेवटी शिट्टी.

सगळ्या विहाराने मान वळवून सत्यशीलाकडे पाहिलं.

एकानेही आधी इकडेतिकडे शोधलं नाही. इतक्या वर्षांची सवय. दयारामजी तर माइकवरच म्हणाले, "कोणी उठवा न भोंगाबाईले." आणि लोक हसले. पण हसता हसता एकेकाच्या लक्षात आलं की भोंगाबाईचे डोळे टक्क उघडे आहेत आणि ती आपल्याकडेच बघते आहे.

"मी जागी आहे, दयारामजी," ती म्हणाली.

आवाज पुन्हा आला. आता सगळ्यांनी शोधला.

सत्यशीला भिंतीला हात लावून उठली. गुडघे दुखत होते तरी कोणाचा हात घेतला नाही. दयारामजींच्या हातातून तिने माइक घेतला, त्याची वायर मागून ओढत नरेशच्या खुर्चीपाशी गेली आणि माइक त्याच्या नाकापाशी धरला. नरेशनेच नंदिनी नगरहून आणलेल्या त्या भल्यामोठ्या बॉक्समधून सगळ्या विहारात, बाहेर मांडवात, हायवेपर्यंत घोरणं घुमलं. तेच, तव्यावरचंच. खरखर तेवढी नव्हती.

कोणी हसलं नाही. कॉलनीतली एक जुनी म्हातारी मात्र हळूच म्हणाली, "हा तं चंपतचा आवाज आहे."

सुजाताने सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं, मग सासूकडे. तिचं तोंड उघडं राहिलं. "आई, मंग तुम्ही रात्री..."

"मस्त झोपून राहिली मी," सत्यशीला म्हणाली. माइकमुळे तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

स्वतःच्याच आवाजाने नरेश दचकून जागा झाला. समोर माइक, वर वहिनी, आणि सगळा समाज आपल्याकडे बघतो आहे. "काय झालं?"

"काई नाई, भाऊजी. भोंगा वाजला. डबा घ्या अन् डूटीवर पया."

आता मात्र हशा फुटला. पोरं, बाया, स्वयंपाक सोडून आलेले आचारी, सगळे हसले. राजदीपही हसला आणि मग आईकडे बघून त्याने मान खाली घातली. नरेशचं तोंड काळवंडलं. "दादाच्या फोटोसमोर, वैनी? चार लोकायत काय इज्जत राहिली माही?"

"माणसाचं काय जाते त्याच्यात?" ती म्हणाली. "गंमत आहे."

तिने माइक दयारामजींना परत दिला आणि आपल्या जागी येऊन भिंतीला टेकून बसली. दयारामजींनी घसा साफ करून धमन भट्टी पुन्हा पेटवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सत्यशीलाने पाय पसरले, पदर सारखा केला आणि डोळे मिटले. बघता बघता तिची मान कलली, हात मांडीवर सैल पडला. सुजाताने दयारामजींना हाताने थांबा म्हटलं आणि तेही थांबले.

सगळा विहार श्वास रोखून तिच्याकडे कान देऊन बसला. आतून भाताच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं, तेवढंच. ती झोपली होती आणि तिचा काहीही आवाज येत नव्हता.