होडी ही सुरक्षित जागा आहे का?

लंडनच्या पार्लमेंटमध्ये आम्हा बायकांना पितळी जाळीमागे बसवत. आम्हाला खालचं दिसे, पण खालून आम्ही कोणालाच दिसत नसू. एकोणीसशे अकराच्या डिसेंबरात मी तिथे एकटीच गेले होते, बाबांचं बोलणं ऐकायला.

बाबा, जोसाया नॅनकॅरो, कॉर्नवॉलमधल्या आमच्या छोट्या बंदरातून वर्षापूर्वीच निवडून आले होते. सागरी युद्धाच्या कराराचं विधेयक त्यांच्याच पक्षाने आणलं होतं. युद्धात पकडलेलं जहाज बंदरात नेता येत नसेल तर बुडवावं, मात्र आधी माणसांना सुरक्षित ठिकाणी हलवावं, असं त्या करारात होतं. माझा भाऊ जॅगो इंग्लंडला गहू आणणाऱ्या एका नॉर्वेजियन जहाजावर खलाशी होता. आमच्या बंदरातल्या निम्म्या घरांतला कोणी ना कोणी तसाच दर्यावर असे.

निघताना शेजारच्या हॉकिनबाईंनी धक्क्यावर बाबांना अडवलं होतं. "सुरक्षित ठिकाण म्हणजे कुठलं हो? भर समुद्रात होडीत बसवून सोडलं, की झालं का सुरक्षित? एवढंच विचारून या."

"विचारतो," बाबा म्हणाले.

जागा अडवायला त्यांनी सकाळीच बाकावर आपली टोपी ठेवली होती. बोलायला मिळावं म्हणून दिवसभर ते उठत राहिले, पण सभापतींची नजर काही त्यांच्याकडे वळली नाही. मग मतदानाची घंटा झाली.

मतदान सुरू झाल्यावर कोणाला काही विचारायचं असेल, तर बसून आणि डोक्यावर टोपी घालून विचारायचं, असा तिथला रिवाज. बाबांना तो ठाऊक होता. पण चाळीस वर्षं त्यांनी प्रार्थनाघरात प्रवचनं केली होती आणि मोठ्यांसमोर बोलताना टोपी काढायची, हे हाडात मुरलं होतं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.

"टोपी! टोपी!" सगळीकडून ओरडा झाला.

गोंधळून, हातातली टोपीच लोकांना खटकतेय असं वाटून त्यांनी ती बाकाखाली सरकवली. सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

"अगंबाई, हे ध्यान कुठलं?" शेजारची बाई मला म्हणाली.

"माझे वडील आहेत."

बाबांचे ओठ हलत होते, पण एक शब्द ऐकू येईना. त्यांनी वर जाळीकडे पाहिलं, भलत्याच टोकाला. मी माझा हातमोजा जाळीतून बाहेर काढून हलवला. तोवर त्यांनी मान खाली घातली होती. वाकून टोपी घेतली आणि स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत द्यायला ते निघाले.

परतताना आगगाडीत ते म्हणाले, "तू होतीस ना गं तिथे?"

"होते, बाबा."

"दिसली नाहीस."

पुढे वरच्या सभागृहाने ते विधेयक फेटाळलं. मग महायुद्ध आलं. जर्मन पाणबुडीने जॅगोचं जहाज अडवलं आणि माणसांना होड्यांत उतरवून ते बुडवलं. एक होडी किनाऱ्याला लागली. जॅगो दुसरीत होता.

बाबाही गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका सकाळी मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत होते. देशांनी नवा करार केला होता. हवा शांत असल्याशिवाय आणि किनारा किंवा दुसरं जहाज जवळ असल्याशिवाय होडीला सुरक्षित जागा मानू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

बाबांची टोपी खुंटीवरच होती. मी ती डोक्यावर घातली, त्यांच्या खुर्चीत बसले आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

हॉकिनबाईंनी पलीकडून भिंतीवर ठोकलं. "लव्हडे, कोणी आलंय का गं?"

"नाही हो," मी म्हटलं. "कोणी नाही."