कृपेच्या युगाला जोडलेलं कापड

लविनिया टटलने लग्न केलं होतं ते एका लिलाववाल्याशी, बायबल शिकवणाऱ्याशी नव्हे. हायरम टटल हा विलो क्रीकचा लिलाववाला. कॅन्ससच्या त्या सपाट मुलखात खेचरं, नांगर, मेलेल्या माणसांची कपाटं, जे काही विकायला निघेल ते तो विकायचा. आवाज असा दणदणीत की त्याने चौकात बोली पुकारली की शिवारातल्या गाई चरायच्या थांबत. शास्त्राशी त्याचा संबंध लग्नापुरता आणि मयतापुरता. लविनियाचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात टॉरेन्स नावाचा आयरिश म्हातारा दाराशी आला. तो गावोगाव चष्मे विकत फिरायचा. त्या रात्रीपासून जो बर्फ पडला तो थांबेचना, रस्ते बुजले आणि म्हातारा टटलांकडेच अडकला. चुलीजवळच्या खुर्चीत बसून तो दिवसभर बायबल वाचायचा. हायरमने एकदा उगाच म्हटलं, "आजोबा, त्या पुस्तकात एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर भलतंच लिहिलेलं असतं."

म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "लिलावात बैल आणि कोंबड्या एकाच बोलीत विकतोस का रे?"

"छे! वेगवेगळे मांडतो."

"मग शास्त्र वाचताना सगळ्याचा काला का करतोस? इस्राएलाला दिलेलं वचन इस्राएलाचं, मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, दिलेलं मंडळीचं. देव आदामाशी एका रीतीने वागला, मोशेशी दुसऱ्या, आपल्याशी तिसऱ्या. युगं वेगळी कर, मग बघ कसं जागच्या जागी बसतं."

हायरमला हे एकदम पटलं. आयुष्यभर त्याने माल वेगवेगळा मांडण्याचंच काम केलं होतं. बर्फ वितळेपर्यंत त्याने म्हाताऱ्याला झोपू दिलं नाही. वसंतात टॉरेन्स चष्म्यांची पेटी उचलून निघून गेला, आणि हायरमने लिलाव सोडून प्रवचनांसाठी तंबू घेतला.

त्याची शिकवण लविनियाला आता झोपेतही म्हणता आली असती. एकंदर सात युगं: पहिलं आदामाच्या एदेन बागेतलं निर्दोषतेचं, शेवटचं प्रभूच्या राज्याचं. त्याच्या आधीचं सहावं युग कृपेचं, म्हणजे आपलं. ते कधी संपेल हे कुणालाच ठाऊक नाही. कुठल्याही क्षणी प्रभू मेघांवर येईल, विश्वासात मेलेले आधी उठतील, जिवंत त्यांच्यासोबत वर उचलले जातील, मग पृथ्वीवर महासंकट आणि त्यानंतर हजार वर्षांचं राज्य. हायरम हे सांगायला लागला की माणसं तोंडातला घास चावायचा विसरत.

"नुसतं ऐकून डोक्यात राहत नाही गं त्यांच्या," तो एकदा लविनियाला म्हणाला. "चित्र पाहिजे. लांबलचक."

लविनियाने जुन्या छकड्याचं कापडी छत धुऊन काढलं आणि अंगणात पसरून रंगवायला घेतलं. एदेन बाग रंगवताना तिला मजा आली. तिने झाडं काढली, झाडांवर फळं काढली, जिराफ काढला, मग जिराफाला जोडीदार नको का म्हणून आणखी एक काढला. नोहाच्या तारवालाही तिने हात आखडता घेतला नाही. मोशेपर्यंत आली तेव्हा लक्षात आलं की कापड संपत आलंय, आणि टोकाला सोन्याचं सिंहासन तर हायरमला हवंच होतं. मग कृपेचं युग तिने मधल्या फटीत कसंबसं कोंबलं. एक वधस्तंभ, एक लहानसं चर्च, आणि झालं.

तंबूत तो पट टांगला तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. जिराफांचं तर फारच कौतुक झालं.

उन्हाळा सरता सरता लविनिया वाणसामानाला ब्लॉजेटबाईंच्या दुकानात गेली. ब्लॉजेटबाई मेथडिस्ट पंथाच्या होत्या आणि तंबूकडे फिरकायच्या नाहीत.

"काय गं लविनिया," त्या म्हणाल्या, "नाताळच्या केकसाठी मनुका मागवू का नको? म्हटलं, तुलाच विचारावं. नाताळच्या आत तुम्ही सगळे वर जाणार म्हणे. उगाच माझ्या मनुका पडून राहायच्या."

"कोण म्हणतं असं?"

"ओरिन स्प्रेग. गावभर सांगत सुटलाय. त्याने गहू पेरायचासुद्धा नाही ठरवलंय, आणि त्याचं बघून आणखी दोघातिघांनी पाभरी कोठारातच ठेवल्यात. तुझ्या नवऱ्याच्या पटावरून हिशेब काढला म्हणतो."

लविनियाने घरी येऊन हायरमला गाठलं. तो बूट पुसत होता. त्याने मान वर केली नाही, तेव्हाच ती समजली.

"तुला माहीत होतं?"

"कानावर आलं होतं," हायरम म्हणाला. "मी तारीख दिलेली नाही, विनी. कधीच देत नाही. ती चूक आहे हे मीच शिकवतो."

"मग त्यांना तसं सांगितलंस का नाही?"

हायरमने बूट खाली ठेवला. "गेल्या रविवारी तंबूत उभं राहायला जागा नव्हती. मला वाटलं, आलेत तर शास्त्र तरी ऐकतील."

"म्हणजे खोट्या बोलीवर गिऱ्हाईक जमवलंस. लिलावात असलं कुणी केलं असतं तर त्याला तू चौकातून हाकललं असतंस."

हायरमने बूट पायात चढवले. मग त्याने घोडा जोडला, आणि दोघं ओरिनच्या शेतावर गेली.

ओरिन स्प्रेग ओसरीवर बसला होता. हाडापेराने मजबूत, पण सदऱ्याची बटणं तुटलेली, दाढी वाढलेली. बायको डेलिया वसंतात तापाने गेली, तेव्हापासून तो एकटाच होता. पाहुणे बघून त्याचा चेहरा उजळला. "या, बंधू टटल! तुम्हाला दाखवायचंच होतं." त्याने खिशातून सुताराची घडीची पट्टी काढली. "मी मापलं. मोशेच्या नियमशास्त्राच्या युगाची लांबी पटावर एवढी, आणि वर्षं तर शास्त्रातून काढता येतात. त्या मापाने कृपेचं युग नाताळच्या आत संपतं. मी दोनदा पडताळलं."

"ओरिन, भविष्यवाणीचं घड्याळ या युगात थांबलेलं आहे," हायरम म्हणाला. "इस्राएलाच्या युगांना मापं आहेत, मंडळीच्या युगाला नाही. म्हणून तर रोज तयार राहायचं."

"पण पटावर माप आहे."

"ओरिन," लविनिया म्हणाली, "पटावर माझे जिराफ आहेत. दुसरा काढला नसता तर तुमची आणखी चारपाचशे वर्षं वाढली असती. कापड संपलं, भाऊ. एवढंच झालं."

ओरिनने तिच्याकडे पाहिलं, मग हायरमकडे. हायरमने मान डोलावली.

"मग कधी?" ओरिन उठून उभा राहिला. "कधी ते तर सांगा! मेलेले आधी उठतील म्हणून तुम्हीच सांगितलंत. मी डेलियाला सांगून ठेवलंय, तिच्या कबरीपाशी जाऊन, की आता थोडेच दिवस. आता तिला काय सांगू? जिराफ?"

हजारोंची बोली पुकारणाऱ्या हायरम टटलने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. ओरिन आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

त्या रविवारी हायरम व्यासपीठावर चढला तेव्हा तंबू गच्च भरला होता. त्याने आधी पट खाली उतरवला. "नाताळची गोष्ट खोटी आहे," तो म्हणाला, "आणि ते मला ठाऊक असून मी गप्प बसलो, कारण तंबू भरलेला बघून मला बरं वाटत होतं." मग त्याने लविनियाला हाक मारली. तिने कात्री घेऊन कृपेचं युग मधोमध कापलं आणि घरून आणलेली कोरी पांढरी चादर तिथे जोडायला बसली. सगळ्यांदेखत, लांब लांब टाके घालत. कुणीतरी खो खो हसलं. काही जण रागाने उठून गेले. शिवण संपली तेव्हा पट दोन खांबांत मावेना, आणि पांढरा भाग मध्ये झोळीसारखा लोंबत राहिला.

"आपण इथे आहोत," हायरम म्हणाला. "किती लांब, ते मला माहीत नाही. ज्यांची पेरणी राहिली असेल त्यांनी उद्या करा."

ओरिन आला नव्हता. म्हणून सोमवारी सकाळी दोघं पुन्हा त्याच्या शेतावर गेली. तो दार उघडून ओसरीवर आला आणि म्हणाला, "पेरणार नाही. कुणासाठी पेरू?"

हायरमने वाद घातला नाही. त्याने कोट काढून लविनियाच्या हाती दिला, कोठारातून खेचरं काढली, पाभर जोडली आणि शेतात उतरला. आयुष्यात त्याने शेकडो पाभरी विकल्या होत्या. चालवली एकही नव्हती.

खेचरांनी पेरणीच्या पहिल्या ओळीला डावीकडे ओढ घेतली, दुसरीला उजवीकडे. हायरम ओरडला की ती थबकत, आणि थबकली की तो पुन्हा ओरडे. तिसरी ओळ पहिलीला आडवी गेली. लविनिया कुंपणाशी उभी राहून तोंडाला पदरासारखी शाल लावून हसत होती. ओरिन ओसरीच्या पायरीवर उतरला. मग अंगणात आला. मग त्याच्याने राहवेना.

"अहो, काय चाललंय हे! साप गेल्यासारखी पेरणी! लगाम सैल सोडा, बंधू, सैल! ती खेचरं आहेत, गिऱ्हाईकं नव्हेत!"

"मग तूच ये आणि दाखव," हायरम घाम पुसत म्हणाला.

ओरिन आला आणि त्याने लगाम हिसकावूनच घेतला. त्याच्या हातात खेचरं नाकासमोर चालली. हायरम शेजारून चालत राहिला.

"आणि गहू अर्धा वाढलेला असताना प्रभू आला तर?" ओरिनने बऱ्याच वेळाने विचारलं.

"तर गहू उभा राहील शेतात. तू नसशील."

"आणि नाही आला तर?"

"तर तू कापशील. तोवर डेलिया प्रभूजवळच आहे, ओरिन. वाट बघण्याचं काम तिचं नाही, आपलं आहे. ते जड आहे, हे मला त्या दिवशी तुझ्या ओसरीवर कळलं."

ओरिनने खेचरं वळवली. "मी रागावलेलो आहे अजून तुमच्यावर," तो म्हणाला.

"असू दे."

दुपारी लविनियाने हाक मारली. तिने डुकराचं मांस, मक्याची भाकरी आणि बीन्स आणले होते. ओरिन हात धुऊन आला, बसला, पुन्हा उठला आणि घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पीचच्या मुरंब्याची बरणी होती.

"डेलियाने केला होता," तो म्हणाला. "शेवटचा. ठेवून ठेवून बुरशी यायची त्याला." आणि लविनियाकडे चमचा देत म्हणाला, "तुम्ही वाढा, वहिनी. माझ्या हाताने सांडेल."

लविनियाने तिघांच्या ताटात सारखा वाढला.