माईकावरची ओवी

आमचा बिरुदेव म्हंजे दीडशाना. बाप गेला, माती सावडून झाली, तरी सख्ख्या बहिणीला कळवलं न्हाय. सोनाली सोलापूरच्या कॉलेजातनं तिकडं कोरियाला शिकायला गेलीया. “आत्या, परीक्षा तोंडावर हाय तिची. कळलं तर सगळं टाकून पळत येईल. परीक्षा झाली की मी सांगतो.” मी म्हणलं, आरं शान्या, लेकीला बापाचं तोंड दिसलं न्हाय ते न्हाय, आन रडायचं बी तिच्यापासनं चोरून ठेवतोस व्हय? पण वच्छलावहिनीनं पोराचंच ऐकलं. जाताना दादा तेवढंच बोलला हुता, पोरीचं शिक्षण मोडू नगा. थोरल्या भावाचा शब्द, मग माजं बी तोंड बंद.

दुपारी घर बायकांनी भरलेलं, आन सोनालीचा फोन वाजला. व्हिडिओ. वहिनीचं कपाळ मोकळं, ते कसं दाखवायचं? बिरुदेवनं रेंज न्हाय म्हणून निसता आवाज चालू ठेवला, आन आमाला बोटानं गप केलं.

“आई, ऐक की! अभ्यासानं डोकं फुटायला आलतं, म्हणून मैतरणींसंगं नोरेबांगला आलोय.”

तिकडं म्हणं गाण्याच्या खोल्या भाड्यानं मिळत्यात. दार लावायचं, टीव्हीवर बोल येत्यात, ते बघून माईकवर बोंबलायचं. पोरींच्या हसण्याचा निसता कालवा. आमच्या घरात चूल पेटली न्हवती, आन फोनातनं बाजा वाजत हुता. लई जीवावर आलं ऐकायला, पण पोरीचा त्यात काय दोष?

“आप्पाला दे की. सगळ्यांस्नी सांगितलंय, माजा बाप बिरोबाच्या जत्रंत ढोलावर ओव्या म्हणतोय. मी फोन माईकाला लावते. एकच म्हण म्हणावं.”

“आप्पा रानात गेलाय,” बिरुदेव बोलला.

“काल बी रानात, परवा बी रानात. माज्यावर रुसलाय का?” पोरीचा आवाज बारीक झाला. “आई, आप्पा बरा हाय न्हवं?”

वहिनीनं पोराच्या हातातनं फोन काढून घेतला. “रुसला न्हाय गं बाय. थांब, मी म्हणते त्याची ओवी.”

तिला खोटं बी बोलवंना, आन खरं बी बोलवंना. मेंढरं माळाला लागल्याली दादाची ओवी तिनं धरली. पहिली ओळ नीट म्हणली. दुसऱ्या ओळीला तिचा गळा आपसूक हेलावर गेला. आमच्यात मयतावर बायका सूर धरून रडत्यात, त्यो हेल. दुसऱ्या कशालाच त्यो सूर लावत न्हाईत.

“माज्या धन्याऽऽ, कळप कुणावर टाकलास रंऽऽ...”

तिकडं मैतरणींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना गाणंच वाटलं असंल, बिचाऱ्यांना.

बिरुदेव डोकं धरून खाली बसला. मग माईकातनंच सोनालीचा आवाज आला, सगळं घर भरून.

“आप्पाऽऽ, मला न इच्यारता कुटं गेलास रंऽऽ...”

टाळ्या थांबल्या. बाजा बी कुणीतरी बंद केला.

परगावची लेक वेशीपासनं हेल काढत येती, आन घरच्या बायका तिला गळ्यात घ्यायला सामोऱ्या जात्यात. तिचा आवाज कानावर पडला आन आमी सगळ्या उठलो. मी तर पदर सावरत उंबरा वलांडला. हात पसरून आमी आंगणात हुब्या, आन रस्त्यावर कुणीबी न्हवतं.