एकही बाण नसलेला सिनेमा

चेकरला सिनेमातलं फार कळतं, हे सगळ्यात आधी चेकरलाच कळलं होतं. बाकीच्यांना जरा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांनी थिएटरात त्याच्या शेजारची खुर्ची टाळायला सुरुवात केली.

तो शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होता. एकतीस वर्षं ट्यूबलाइटखाली उभं राहून शर्ट उलटापालटा करायचा आणि जिथे टाका सुटलाय, तेलाचा डाग पडलाय, बटण लोंबतंय, तिथे नखाएवढा लाल कागदी बाण चिकटवायचा. बाण लागला की शर्ट दुरुस्तीला, नाही लागला की खोक्यात. शेजारपाजारचे सोडाच, सासुरवाडीची माणसंसुद्धा त्याला आता चेकरच म्हणत.

बाणांची पट्टी कायम खिशात असायची. एकदा अंधारात नायकाचा मित्र काही कारण नसताना खो खो हसला, तेव्हा चेकरचा हात आपोआप खिशात गेला आणि एक बाण त्याच्या डाव्या गुडघ्यावर बसला. तेव्हापासून तसा प्रघातच पडला. सिनेमा संपला की बाहेरच्या उजेडात गुडघा पुढे करून तो बाण मोजायचा आणि मोठ्याने जाहीर करायचा, "एकोणतीस!" लोक वळून बघायचे. लाज बायकोला वाटायची.

बाण कशाला, याला धरबंध नव्हता. एवढी मारामारी होऊन नायकाच्या शर्टाची इस्त्री मोडली नाही, बाण. रुग्णाच्या उशाशी उभं राहून गाणं म्हटलं, बाण. खलनायक दिवसभर खुर्चीत बसून नुसता हसतो, त्यालाही बाण, कारण माणसाने वाईट धंदा करावा, पण करावा तरी. जे आपण आत्ताच डोळ्यांनी बघितलं तेच एका पात्राने दुसऱ्याला समजावून सांगायला घेतलं की चेकर चिडून दोन बाण लावायचा. सगळ्यात जास्त बाण मात्र लांबणीला जायचे. "इथे कापायला हवं होतं," हे तो इतक्यांदा पुटपुटायचा, की मागच्या रांगेतून एकदा कोणीतरी विचारलं होतं, "काय, तुमची जीभ?"

खरी गोम वेगळीच होती आणि ती त्यालाही ठाऊक होती. सत्तेचाळीस बाणांचा एक सिनेमा त्याने तीनदा बघितला होता आणि तिन्ही वेळा रुमाल ओला केला होता. ज्याला अवघे दोन बाण मिळाले तो सिनेमा कुठला, हे मात्र आता त्याला आठवतही नव्हतं. असल्या गोष्टी तो चारचौघांत बोलत नसे. जाणकाराला अब्रू सांभाळावी लागते.

शून्य बाण आयुष्यात दोनदाच झाले होते आणि दोन्ही वेळा तो गाढ झोपला होता. उठल्यावर डोळे चोळत "छान होता" म्हणाला होता. कारखान्यातही तसंच. ज्या गठ्ठ्यात एकही बाण नाही तो बघून सुपरवायझर विचारायचा, "काय चेकर, डुलकी लागली वाटतं?" बाण नाही म्हणजे तपासणी झालीच नाही, हा नियम चेकरने घरीही मोठ्या तोऱ्यात शिकवला होता. मुलगी तो ऐकतच लहानाची मोठी झाली.

तीच मुलगी आता सिनेमा करून बसली होती.

सहा वर्षं तिने दुसऱ्यांचे सिनेमे कापले-जोडले होते. हा धंदा धरते म्हणाली तेव्हा चेकर म्हणाला होता, "बघायचे असतात गं ते, करायचे नसतात." तेव्हापासून दोघं फोनवर तब्येतीचं बोलायचे, पाण्याच्या टाकीचं बोलायचे, सिनेमाचं नाही. म्हणजे ज्या एका विषयावर या बापलेकीला तासन्‌तास बोलता आलं असतं, तोच नेमका बाद.

आणि आता तिचा फोन आला. "रविवारी दुपारी आमच्या मंडळींना दाखवतेय. तुम्ही दोघं या. आणि बाबा, बाण आणा."

"अगं, कशाला उगाच..."

"आणा. छान छान म्हणणारे पन्नास जण येणार आहेत. मला एक तरी चेकर हवाय."

चेकर हिशेब करू लागला. फार बाण लावले तर लेक तुटेल, कमी लावले तर तिला कळेल की बाप लाड करतोय. शेवटी बायकोने निकाल दिला. "पाच. सहावा लावलात तर परस्पर कारखान्यातच राहायला जा." त्याने पट्टीतून मोजून पाच बाण कापून घेतले. दोन मध्यंतराआधी, दोन नंतर, एक शेवटासाठी राखीव, असा बेतही केला. सिनेमा बघायच्या आधीच चुकांची वाटणी करणारा आपण जगातला पहिलाच प्रेक्षक असू, असं वाटून त्याचं त्यालाच हसू आलं.

साठ खुर्च्यांचं छोटं थिएटर होतं. तिसऱ्या रांगेत चेकर, उजवीकडे बायको. डावीकडची खुर्ची त्याच्या कीर्तीमुळे रिकामी. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी.

सिनेमा बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या एका बाईचा होता. गाड्या सुटतात, ती सांगते. नोकरीचा शेवटचा दिवस, एवढंच. मारामारी नाही, गाणं नाही, खलनायक नाही. चेकरने पहिला बाण बोटावर घेऊन तयार ठेवला. मग ती बाई फलाट चुकलेल्या एका म्हाताऱ्यासाठी तीच घोषणा पुन्हा करते, हळू, त्याला कळेल अशी. चेकर खुर्चीत पुढे सरकला. पुढचं सगळं तो तसाच बसून बघत राहिला, आणि दिवे लागले तेव्हा बाण बोटावरच होता.

मुलगी टाळ्यांमधून वाट काढत आली. तिने आधी बापाच्या तोंडाकडे नाही, गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा स्वच्छ होता. तिचा चेहरा उतरला.

"झोप लागली ना बाबा?" ती हळूच म्हणाली. रागावली असती तर बरं, असा तो आवाज होता.

"नाही गं! छान होता," चेकर म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"असू दे. दमला असाल."

"अगं, शपथेवर सांगतो! आईला विचार."

"मी पडद्याकडे बघत होते," बायको डोळे पुसत म्हणाली. "यांच्याकडे कोण बघतंय!"

एकतीस वर्षं खुसपटं काढून ज्याने नाव कमावलं, त्याला आज एक धड खुसपट सापडेना. कौतुक करावं तर झोपेचा पुरावा. मुलगी वळली. तिला तिकडून कोणीतरी हाक मारत होतं.

"थांब!" तो ओरडलाच. "ती बाई शेवटी माइक बंद करते. करते ना? आणि त्यावर हात ठेवते. आणि तू लगेच गाडी दाखवलीस. मला तो हात अजून बघायचा होता. घाई केलीस तिथे."

मुलगी थांबली. "अजून किती?"

"एक बटण लावायला लागेल, तेवढा वेळ."

ती त्याच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली.

"चार सेकंद," ती म्हणाली. "होते तिथे. या वेळी कापायला बसवलेला संकलक ठेव ठेव म्हणत होता. मीच कापले."

"का पण?"

"वाटलं, तुम्ही म्हणाल, लांबलंय."

चेकरच्या छातीत काहीतरी दुखलं आणि ते गुडघ्यावर चिकटवण्यासारखं नव्हतं.

"परत घालता येतात?" त्याने विचारलं.

"या आठवड्यात येतात."

"मग घाल. आणि यापुढे कापताना माझं ऐकू नकोस."

"हे लेखी द्या," मुलगी म्हणाली, आणि तिचं नाक लाल झालेलं बघून चेकर खरोखरच खिशात पेन शोधू लागला.