लेम्पीआजीचा डावा पाय

पाय चोळण्यात आमच्या वृद्धाश्रमात माझा हात कुणी धरू शकत नाही. फुशारकी म्हणा हवं तर. आखडलेले तळवे, सुजलेले घोटे, सगळं माझ्या हाताखाली सैल पडतं आणि म्हातारी माणसं बोलता बोलता डुलक्या काढायला लागतात. एका लेम्पीआजीनेच माझं नाक खाली केलं. नव्वदी ओलांडलेली बाई, पाय गारठलेले, डोळ्याला डोळा नाही. नाताळ झाला की गुंगीच्या गोळ्या सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले. त्या गोळ्यांनी माणूस नुसता पडून राहतो, पोटच्या पोरांना ओळखत नाही. मी हट्टालाच पेटले. म्हटलं, हिला मी झोपवते.

आजी म्हणाली, "तुझ्या हातात दम नाही गं सैमी. माझा तौनो चोळायचा, सौनातल्या वाफेत बसवून."

तिचा नवरा तौनो केव्हाच तळ्याकाठी मातीत गेलेला. तर मग आश्रमाच्या सौनात, त्या वाफेच्या खोलीतच चोळते, मी म्हटलं.

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळे दुपारीच सौनात जाऊन येतात. मग तापलेल्या दगडांवर एक डावभर पाणी टाकायचं, दार ओढून घ्यायचं आणि पुन्हा आत पाऊल ठेवायचं नाही. ती शेवटची वाफ गेलेल्या माणसांची. पण आजीचं आवरता आवरता मला उशीर झाला, आणि स्वयंपाकीण हेल्काचं ते पाणी टाकूनही झालं होतं. ती दारात आडवी आली. मेलेल्यांना कसली आलीये घाई, असं म्हणून मी तिला बाजूला सारलं.

आजीला बाकावर बसवलं, डावा पाय मांडीवर घेतला आणि तेल लावून चोळायला लागले. तिने डोळे मिटले, गालात हसली. मग माझी नजर उजव्या पायाकडे गेली. त्याला मी अजून हातही लावला नव्हता. सुजलेल्या कातडीत खळगा पडला, बोट दाबल्यावर पडतो तसा. त्याच्या शेजारी दुसरा. टाचेपासून बोटांकडे, सावकाश, मन लावून. पायावर लाली चढू लागली.

"डावाही त्याला दे," आजी म्हणाली. "दोन्ही गरम झाले की मी जाईन त्याच्याबरोबर. तू बाहेर हो."

मी घाबरले, पण त्याहून जास्त चिडले. दोन्ही हातांनी तिचा घोटा धरला. "ही कुठेही जाणार नाही," मी समोरच्या रिकाम्या जागेला बजावलं. आजी गयावया करत होती. पलीकडून कुणी ओढलं नाही, तो नुसता चोळत राहिला. वाफ विरली तसे खळगेही थांबले.

त्या रात्री आजी गाढ झोपली, आणि तेव्हापासून रोज झोपते. गोळ्यांचं आता कुणी नाव काढत नाही, सगळे माझ्याच हातांचं कौतुक करतात. तिचा उजवा पाय कायम उबदार असतो. डावा मी कितीही रगडला तरी गारच.

काल चोळताना तिने विचारलं, "येत्या नाताळला सोडशील ना गं?" रागाने नाही, प्यायला पाणी मागावं तसं.

माझे डोळे भरून आले. "सोडीन," मी म्हटलं, आणि घोटा आणखी घट्ट धरला.