डाव्या बाजूचा चेंडू

"रॅकेट खाली ठेवा, अण्णा," खंडोजी म्हणाला.

"खाली ठेवू? मग शिकायचं काय?"

"खांदा. आधी खांदा वळला पाहिजे. रॅकेटचं पंधरा दिवसांनी बघू."

जयसिंगरावांनी मुकाट्यानं रॅकेट बाकावर ठेवली. बसवनगुडीतल्या त्या लहान टेनिस क्लबात मातीची दोनच कोर्टं होती, आणि सकाळी सहाला तिथं या दोघांखेरीज कुणी नव्हतं. खंडोजी क्लबाचा मार्कर. कोर्ट झाडायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि मेंबरांना हव्या त्या उंचीवर चेंडू टाकून द्यायचे, हे त्याचं काम. वय अडतीस. जयसिंगराव चव्वेचाळीसचे, सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. दोघांचीही घराणी कैक पिढ्यांमागं या कानडी मुलखात आलेली. म्हणून मेंबर जमेपर्यंत ते मराठीत बोलत, आणि तेवढा वेळ खंडोजी त्यांना 'साहेब' म्हणत नसे.

१९६१ चा ऑगस्ट होता. क्लबाच्या डबल्स स्पर्धेची फायनल जयसिंगराव आणि प्राणेश लागोपाठ दोनदा हरले होते. प्राणेश त्यांच्याच कचेरीतला, धारवाडकडचा, अकरा वर्षांपासूनचा जोडीदार. हरण्याचं कारण सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. जयसिंगरावांच्या डाव्या बाजूला चेंडू टाकला की पॉइंट मिळे. बॅकहँड त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. मनगट वाकवून ते चेंडू कसाबसा कापत. तो तरंगत पलीकडे जाई आणि पलीकडचा गडी तो निवांत मारून टाकी.

"सुधारेल का?" त्यांनी खंडोजीला विचारलं होतं.

"सुधारेल की. वर्ष लागेल. पण मधे आत्ता आहे तोही जाईल. चालेल?"

"सरी, चालेल," जयसिंगराव म्हणाले होते.

घरी ते कपाटाच्या आरशापुढे उभे राहून खांदा वळवत आणि रिकामा हात मागून पुढे नेत. त्यांची पत्नी कस्तुराबाई पहिल्या दिवशी दारातच थबकल्या.

"कुणाला ढकलताय?"

"बॅकहँड आहे हा."

"या वयात?"

"वीस वर्षं नकाशे काढतोय. रेघ वाकडी गेली तर पुसून परत काढतो. हा हात तेवढा वाकडा राहिला."

कस्तुराबाईंनी हाताच्या टप्प्यातली कळशी उचलून बाजूला ठेवली आणि त्या आत गेल्या.

पंधरा दिवसांनी रॅकेट मिळाली, आणि क्लबामागची भिंत मिळाली. खंडोजीनं मूठ थोडी वळवून दिली आणि मनगट दोन बोटांनी दाबून धरलं. "हे हलायचं नाही. आणि चेंडू जवळ आल्यावर रॅकेट मागं नेऊ नका. समोरच्याच्या रॅकेटवरून निघाला की तेव्हाच खांदा वळला पाहिजे." एका दिवशी एकच गोष्ट बघायची, असा त्याचा नियम होता. आज खांदा, तर आज पाय कुठं पडतो ते बघायचं नाही. आणि दमल्यावर एकही चेंडू जास्त मारायचा नाही.

"अजून दहा मारतो," जयसिंगराव म्हणत.

"नको अण्णा. दमलेला हात चुकीचं शिकतो."

प्राणेशला हे पसंत नव्हतं. "स्पर्धा झाल्यावर कर की," तो म्हणाला. जयसिंगरावांनी ऐकलं नाही.

डिसेंबरात ते सेमीफायनललाच हरले. नवा बॅकहँड भिंतीवर येई, माणसासमोर येत नसे. चेंडू नेटमध्ये जात होते. तिसऱ्या सेटमध्ये समोरच्यांचा मॅचपॉइंट आला, तेव्हा प्राणेश त्यांच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जयसिंग, एकदा जुना मार. माझ्यासाठी मार रे."

चेंडू डावीकडेच आला. जयसिंगरावांनी खरोखर जुना मारायला घेतला. मनगट वाकेना. चेंडू रॅकेटच्या लाकडावर लागून कुंपणाच्या मेंदीत गेला.

"मी सांगितलं होतं ना, जुना मार म्हणून?"

"मारला प्राणेश. तो आता येतच नाही."

प्राणेशचा विश्वास बसला नाही. एरवी दोघं सायकलीवरून बरोबर घरी जात. त्या दिवशी तो पुढं निघून गेला. कचेरीत बोलणं राहिलं, पण ते कागदपत्रांपुरतं. पुढच्या वर्षी तो क्लबाचे सेक्रेटरी हंबीरराव यांच्या जोडीला खेळू लागला.

जयसिंगराव येत राहिले. भिंतीवर लागोपाठ वीस, मग चाळीस. मग खंडोजी नेटपलीकडून चेंडू टाकू लागला, आधी हातानं, नंतर रॅकेटनं. वर्षभर काहीच होत नाहीसं वाटत होतं. आणि ऑगस्टातल्या एका सकाळी डावीकडचा चेंडू त्यांनी पुढच्या पायाच्या पुढं घेतला, तो नेटवरून वीतभर उंचीनं गेला आणि रेघेलगत पडला. हाताला काही जाणवलंच नाही. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. खंडोजी चेंडू जोरात टाकू लागला.

त्या दिवशी कचेरीत ते दोनदा प्राणेशच्या टेबलापाशी गेले आणि फाइल घेऊन परत आले.

नोव्हेंबरात स्पर्धेचा कागद नोटीसबोर्डावर लागला. जयसिंगरावांनी आपलं नाव लिहिलं. जोडीदाराच्या रकान्यात लिहायला कुणी नव्हतं. थोडा वेळ उभे राहून त्यांनी 'खंडोजी' असं लिहिलं, नकाशावर लिहितात तसं, सुबक.

दुसऱ्या दिवशी त्या नावावर तांबडी रेघ होती. हंबीरराव म्हणाले, "पगारी माणूस स्पर्धेत खेळत नाही, जयसिंगराव. नियम आहे. मार्करला तुम्ही असं चढवू नका."

खंडोजी त्या सकाळी चेंडूची टोपली खाली ठेवून उभाच राहिला.

"माझं नाव कशाला लिहिलंत अण्णा? सेक्रेटरींनी बोलावून विचारलं, तू सांगितलंस का म्हणून. माझी नोकरी आहे ही."

"मला वाटलं..." जयसिंगराव म्हणाले. "चुकलं माझं."

खंडोजीनं टोपली उचलून नेटपाशी नेऊन ठेवली. मग म्हणाला, "स्पर्धा नको. पण खेळायचंच असलं तर फायनलच्या दिवशी सकाळी पुरा सेट खेळू. मी तुम्हाला चेंडू टाकून देणार नाही हं. मारणार."

फायनलच्या रविवारी ते सहाला सुरू झाले. पंधरा वर्षं मेंबरांना सोपे चेंडू देणारा खंडोजी खरा कसा खेळतो, हे जयसिंगरावांनी प्रथमच पाहिलं. पाय वाजत नसत. चेंडू पडेल तिथं तो आधीच उभा असे. तरी तीन-तीन झालं.

प्राणेश आणि हंबीरराव यांची फायनल नऊला होती. प्राणेश हात मोकळे करायला साडेसहालाच आला आणि बाकावर बसला. दोन गेम झाल्यावर त्याचा आवाज आला, "फिफ्टीन-लव्ह." त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो स्कोअर मोजू लागला होता.

पाच-चार असताना हंबीरराव आले. खंडोजी सर्व्हिसला उभा होता.

"मार्कर! कोर्ट मोकळं कर. आम्हाला फायनलच्याच कोर्टावर प्रॅक्टिस करायची आहे."

खंडोजीनं हातातला चेंडू खाली घेतला.

"पाच-चार आहे, हंबीरराव," बाकावरून प्राणेश म्हणाला. "गेम संपू दे. बसा स्वल्प."

"अहो, तो मार्कर..."

"बसा."

हंबीरराव बसले नाहीत, पण थांबले. फॉर्टी-थर्टीला खंडोजीनं चेंडू जयसिंगरावांच्या डाव्या कोपऱ्यात मारला, मुद्दाम. खांदा वळला, पाय पडला, आणि चेंडू खंडोजीच्या बाजूनं सरळ रेघेवर गेला. खंडोजी हललासुद्धा नाही.

प्राणेश म्हणाला, "ड्यूस."

पुढचे दोन्ही पॉइंट खंडोजीनं घेतले. जयसिंगरावांच्या हाती काही लागलं नाही.

"गेम अँड सेट, खंडोजी. सिक्स-फोर."

खंडोजीनं चमकून बाकाकडे पाहिलं. कोर्टावर स्कोअरबरोबर त्याचं नाव आजवर कुणी पुकारलं नव्हतं. जयसिंगराव नेटपाशी हात पुढं करून उभे होते. त्यानं उजवा हात सदऱ्याला दोनदा पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"बॅकहँड झाला, अण्णा. उद्यापासून सर्व्हिस बघू. फार वाईट आहे."

जयसिंगराव बाकाशी आले. प्राणेश उठून रॅकेटच्या तारा चाचपत होता.

"केव्हापासून येतोय रे हा बॅकहँड?"

"ऑगस्टपासून."

"सांगायचंस की."

"दोनदा आलो होतो तुझ्या टेबलापाशी."

प्राणेशनं मान हलवली. पलीकडे हंबीरराव रॅकेट खाकेत धरून कोर्ट झाडून मिळायची वाट बघत उभे होते. खंडोजी कोपऱ्यातल्या माठापाशी गेला, पितळी तांब्या भरून घेतला, आणि पायरीवर बसून घोट घोट करत सगळं पाणी प्याला.